करडाच्या गळ्यातला मफलर

ती. एसेनमामांना,

तोलेगेनचा सलाम. आपल्या रीतीप्रमाणे आधी गुराढोरांची खुशाली विचारायची आणि मग माणसांची, पण तुम्ही अल्माटीला नवव्या मजल्यावर राहायला गेल्यापासून या वाक्याची मोठी पंचाईत होते. तेव्हा मांजर बरं आहे ना? मोटारीचं खोकणं थांबलं का? मामींचे गुडघे आणि तुमचा रक्तदाब आपापल्या जागी असतील अशी आशा आहे. इकडे सगळं ठीक. घोडी व्याली, तांबडी गाय आटली, आपल्या केगेन गावच्या वाऱ्याने कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर उचलून शेजारच्या सापारच्या अंगणात नेऊन टाकलं (तो म्हणतो, वाऱ्याने दिलेलं परत मागू नये), आणि आमच्या पोरीचं, झानारचं, लग्न ठरलं. सोयरीक तुम्हीच आणलीत, म्हणून हे पत्र. ते आभाराचं आहे की भांडणाचं, ते लिहिता लिहिता ठरेल.

मामा, मध्यस्थाने चार गोष्टी वाढवून सांगाव्यात हे मला मान्य आहे. मुलीच्या हाताला शिवणाची गोडी आहे असं तुम्ही त्यांना सांगितलंत. तिने जन्मात बटण लावलेलं नाही, सगळ्या घराची बटणं मी लावतो. मुलगा पहाटे उठतो असं आम्हाला सांगितलंत. तो आमच्याकडे आला तेव्हा जेवायच्या वेळीही त्याला जागं करावं लागलं. हे चालायचंच. पोरांना एकमेकं आवडली आहेत, बाकी सगळं निभावून जातं. पण मुलाच्या वडिलांना, ओराझबेकांना, तुम्ही जे सांगितलंत ते कुठल्या मध्यस्थाने आजवर सांगितलं नसेल. मुलीचा बापही तुमच्यासारखाच ऑल्डर्सबीचा माणूस आहे म्हणे.

इंग्लंडात फुटबॉलचे संघ पोत्याने आहेत. त्यातला कुठलाही माझ्या माथी मारला असता तरी मी हूं की चूं केलं नसतं. पण ऑल्डर्सबी? ऑल्डर्सबी आणि विकमोर ही एकाच मळकट नदीच्या दोन काठांवरची गावं आहेत (मी नकाशात पाहिलंय), आणि मी विकमोरचा आहे हे तुमच्याइतकं कोणालाच माहीत नाही, कारण मला विकमोरचं केलंत तुम्ही. मी आठ वर्षांचा असताना तुम्ही बाजारातल्या जुन्या कपड्यांच्या गाठोड्यातून हिरवा-पिवळा मफलर आणला होतात. तुम्ही आणलात ऊब म्हणून. त्यावरची अक्षरं वाचायला मला दोन वर्षं लागली, आणि ज्यांचं नाव आपण गळ्यात घालून हिंडतो त्यांची चौकशी करायला नको का, म्हणून मी चौकशी केली. ती आजतागायत चालू आहे. या तीस-बत्तीस वर्षांत विकमोर पहिल्या वर्गातून दुसऱ्यात आलं, दुसऱ्यातून तिसऱ्यात आलं, आणि यंदा चौथ्याच्या उंबऱ्यावर उभं होतं. सापार मला नेहमी विचारतो, अरे, जिंकणारे काय मेले होते? त्याला काय सांगायचं. जिंकणाऱ्यांना माणसांची कमी नसते.

तुमचा फोन आला तो व्याही यायच्या आदल्या दिवशी. जाता जाता सांगितल्यासारखं सांगितलंत, आणि वर म्हणालात, फुटबॉल तो फुटबॉल, एवढं कोण बघतंय. मामा, दुसऱ्या दिवशी मोसमाचा शेवटचा सामना होता. विकमोर विरुद्ध ऑल्डर्सबी. विकमोर जिंकलं तर ऑल्डर्सबी चौथ्या वर्गात जाणार, नाहीतर विकमोर. आणि ओराझबेकांनी निरोप धाडला होता की सामना बरोबरच पाहू आणि त्यानंतर कलेजी आणि मेंढीच्या शेपटीची चरबी खाऊ. ते एकदा दोन्ही बापांनी एकमेकांच्या हातून खाल्लं की सोयरीक मोडत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं. पण खाईपर्यंत कोणीही उठून टोपी घालून चालू लागू शकतो, हेही तितकंच खरं.

मी तुमच्या भाचेसुनेला, कुलाशला, म्हटलं, मी सरळ खरं सांगून टाकतो. ती पीठ मळत होती, तिने मानही वर केली नाही. म्हणाली, "तीस वर्षं हरणाऱ्यांसाठी रडलात, एक दिवस पोरीसाठी हसा." मग तिने भिंतीवरचं विकमोरच्या संघाचं चित्र उतरवलं, विकमोरचं नाव असलेला माझा चहाचा कप लपवला, आणि मफलर कुठे ठेवला ते मला सांगितलं नाही. मी तोंडावरून ओळखू देतो असं तिचं मत आहे.

ओराझबेक आले. दाराएवढा रुंद माणूस, आवाज मात्र आजारी माणसाशी बोलावं तसा हळू. गळ्यात निळा मफलर, बरोबर बहीण आणि मुलगा. गुरांची चौकशी झाली, आणि नुसत्या चौकशीने समाधान न होणाऱ्यांपैकी ते असल्यामुळे आम्ही गोठ्यात गेलो. घोडी पाहिली, शिंगरू पाहिलं, आणि कोपऱ्यात या महिन्यातलं अशक्त करडू उभं होतं, त्याच्या गळ्यात माझा मफलर. (कुलाशचं म्हणणं, लपवायचाच तर कोणाच्या तरी कामी यावा.) माझ्या तोंडचं पाणी पळालं. ओराझबेकांनी वाकून अक्षरं वाचली, माझ्याकडे वळले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "विकमोरचा मफलर आमच्याकडे इथेच असतो." ते हसले, इतके हसले की खुंटीला धरून उभे राहिले. डोळे पुसत म्हणाले, "एसेन म्हणाला होता तुम्ही पक्के आहात. पण इतके?" करडू तेवढ्यात मफलरचा गोंडा चावायला लागलं. मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली, पण पाहुण्यांसमोर गुराला मारू नये.

सामना सुरू झाला चहाच्या वेळी. मी बसलो ओराझबेकांच्या शेजारी, मुलगा दाराशी, बायका पलीकडच्या खोलीत पडदा किंचित उघडा ठेवून, आणि मधे बाउरसाकची परात. (कुलाशने मळलेल्या सगळ्या पिठाचे बाउरसाक तळले होते, माझ्या तोंडात सतत काहीतरी असावं या हेतूने.) पहिला गोल ऑल्डर्सबीचा. मी उठलो, हसलो, व्याह्यांना मिठी मारली. मामा, मी आयुष्यात पुष्कळ जड गोष्टी उचलल्या आहेत. मग बरोबरी केली ती विकमोरच्या ड्रॅकॉटने, जो चाळिशीला आलाय, टकला आहे आणि धावताना कोणीतरी मागून ढकलल्यासारखा धावतो, आणि म्हणूनच माझा लाडका आहे. मी मांडीवर थाप मारून "मेलो" म्हणालो. ओराझबेक माझी पाठ थोपटत म्हणाले, "धीर धरा, बरोबरी आपल्याला चालते." आपल्याला. मी एक बाउरसाक अख्खाच गिळला.

वेळ संपली. पंचाने घड्याळ बघितलं. विकमोरला शेवटचा एक कोपऱ्यावरून मारायचा चेंडू मिळाला होता, आणि सगळ्या धक्काबुक्कीत ड्रॅकॉट बुटाचा बंद बांधायला खाली वाकला होता. चेंडू आला, त्याच्या पाठीवर आपटला आणि जाळ्यात गेला. बिचाऱ्याला उठल्यावर कळलं की आपण गाव वाचवलं. त्याच क्षणी आमचं इंटरनेट अडकलं आणि पडद्यावर हिरव्या-पिवळ्या माणसांची मिठी तशीच गोठून राहिली. मी त्या मिठीकडे पाहिलं आणि मला रडू फुटलं. आनंदाने, मामा. दाढी भिजली, आवाज निघाला, आणि थांबवता येईना.

ओराझबेकांनी हातातला बाउरसाक परातीत परत ठेवला. मग त्यांनी टोपी उचलली. त्या हळू आवाजात मुलाला म्हणाले, "चल. ज्या दिवशी डोळ्यांत पाणी, त्या दिवशी सोयरीक जोडू नये, असं माझे वडील म्हणायचे. पुन्हा कधीतरी बघू." पलीकडच्या खोलीचा पडदा झानारने पुरता उघडला. कुलाश कलेजीचं ताट घेऊन उंबऱ्यातच थांबली. मी अजून रडतच होतो, आणि आता त्यात भीतीची भर पडली होती. ओराझबेक निरोप घ्यायला माझ्याकडे वळले आणि माझं तोंड बघून तिथेच थांबले. टोपी काढली, पुन्हा खाली बसले.

"व्याही," ते म्हणाले, "मला वाटायचं ऑल्डर्सबीसाठी रडणारी एकच होती." मग त्यांनी सांगितलं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्यांच्या बायकोने वर्तमानपत्रातला गुणांचा तक्ता पाहून विचारलं होतं, हा अगदी तळाला कोण आहे? ऑल्डर्सबी. त्याला कोणी नसेल, ती म्हणाली, आपण होऊ. तेव्हापासून दोघं मिळून बघायची. ती जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा शेजारी बसतो, पण फोनमध्ये डोकं घालून. एवढं बोलून त्यांनी कुलाशच्या हातातलं ताट घेतलं, कलेजी आणि चरबीचा घास केला आणि माझ्या तोंडापुढे धरला. "खा. घसरलो तर दोघं मिळून घसरलो." मी खाल्लं, मग त्यांना भरवलं. सोयरीक झाली. जाताना त्यांनी आपला निळा मफलर माझ्या गळ्यात घातला, आणि मी तो घालू दिला. मला लाज वाटली आणि तो माणूस मनापासून आवडला, दोन्ही एकदमच.

मामींना सलाम, मांजराला खुशाली. लग्न गवत कापून झाल्यावर.

तुमचा भाचा,
तोलेगेन

ता. क. भाचा येण्यापेक्षा सात लांडगे आलेले परवडले, असं आपले म्हातारे उगीच म्हणत नसत. आजोळी भाच्याने तीनदा काही मागावं आणि मामाने नाही म्हणू नये, ही रीत तुम्हाला आठवत असेलच. पहिल्यांदा मी शिंगरू मागितलं, दुसऱ्यांदा तुमचा रेडिओ. तिसरं मागणं शिल्लक आहे, आणि तेव्हापासून तुम्ही मला एकट्याला भेटायचं टाळता हे मी जाणून आहे. ते आज मागतो. लग्नाआधी या आणि ओराझबेकांना खरं काय ते सांगा. खोटं तुमचं आहे, तुम्हीच निस्तरा.

ता. क. दुसरा. वरचं रद्द. कुलाशने पत्र वाचलं, आणि तेवढ्यात ओराझबेकांचाच फोन आला. ऑगस्टपासून दर शनिवारी संध्याकाळी ऑल्डर्सबीचा सामना बघायला त्यांच्याकडे येशील का, असं विचारत होते. (मला आता अरेतुरे करतात.) म्हणाले, "तिच्या खुर्चीवर अजून कोणी बसत नाही. तू बसलास तर चालेल." मी हो म्हणालो. आता कोणी तिथे जाऊन खरं बोललं तर ती खुर्ची पुन्हा रिकामी होईल. तेव्हा मामा, तुम्ही मरेपर्यंत तोंड बंद ठेवायचं. आणि माझं तिसरं मागणं हे: यापुढे विकमोरचे तुम्ही व्हा. त्यांना या मुलखात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. नाही म्हणायची सोय नाही, रीत आहे.

ता. क. तिसरा. हिरवा-पिवळा मफलर उद्याच्या गाडीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतो आहे. गोंडा एका बाजूने खाल्लेला आहे आणि वास येईल, पण धुवू नका. कुलाशने एकदा धुतला होता, त्या वर्षी आम्ही दुसऱ्या वर्गातून तिसऱ्यात आलो. शनिवारी विकमोर जिंकलं तर मला एक रिंग देऊन ठेवून द्या. मी उचलणार नाही, शेजारी ओराझबेक असतील, पण खिशात वाजलेलं मला कळेल. हरले तर काही करू नका. म्हणजे बहुतेक शनिवारी तुम्हाला काही करावं लागणार नाही, फक्त बघत बसा.