पिना मारलेला धडा

सोमवार, ६ जुलै
पिना! दहावीच्या बहात्तर पुस्तकांना आज मी स्वतःच्या हाताने पिना मारल्या. 'मानवी प्रजनन' – सगळी आठ पानं बंद. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, धडा शिकवू नका असं मी कुठे म्हणतोय? फक्त उघडू नका." वीस वर्षं विज्ञान शिकवतेय. मान डोलावली.

मंगळवार, ७ जुलै
एकूण एक पिना निघालेल्या! या वर्गाने पहिल्यांदाच एखादा धडा आधी वाचून आणला.

शुक्रवार, १० जुलै
वरून पत्र – 'किशोरवयीन आरोग्य' व्याख्यान सक्तीचं. मुख्याध्यापकांनी ओळखीतले डॉक्टर आणले. दातांचे! मुलांना मैदानावर पिटाळलं, मुलींना सभागृहात कोंबलं. पाऊण तास संयम आणि हिरड्या. प्रश्नपेटीत एकतीस चिठ्ठ्या निघाल्या. त्यातली एकच वाचली गेली – 'स्मरणशक्ती कशी वाढवावी?' बाकीच्या तीस मुख्याध्यापकांनी "शी, गलिच्छ!" म्हणत खिशात घातल्या. नंतर ऑफिसात दार लोटून वाचत बसले होते.

बुधवार, १५ जुलै
मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत दहावीतली एक मुलगी आली. वर्गात तिला सगळे चिमणी म्हणतात. बराच वेळ दाराशी घुटमळली.
"बाई, पाळी चुकली की... नेहमी *तेच* असतं का?"
मी नळ्या धूत होते. धूतच राहिले. "आईला विचार."
"आई म्हणाली, असलं काही विचारायचं नसतं."
तेवढ्यात घंटा झाली. सुटले, असं वाटलं मला. लिहितानाही लाज वाटतेय.

शुक्रवार, १७ जुलै
चिमणी प्रार्थनेला उभी असताना कोसळली. मैत्रिणीच्या बहिणीने मोबाइलवर बघून कसल्याशा गोळ्या सांगितल्या, हिने मूठभर गिळल्या. का? तर एका मुलाने एकदा मिठी मारली होती. मैत्रिणी म्हणाल्या, तेवढंही पुरतं. धड्यात आकृत्या सतरा, मिठीबद्दल ओळ नाही!
दवाखान्यात नेलं, जिवावरचं टळलं. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "तसं काही नव्हतंच हो. या वयात पाळी मागेपुढे होते. एवढंही कुणी सांगितलं नाही पोरीला? शाळेत विज्ञान कोण शिकवतं?"
"मी," म्हटलं.
त्यांनी मला एकदा आपादमस्तक पाहिलं आणि आत वळल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवार, २० जुलै
मुख्याध्यापकांचा हुकूम – "झालं ते झालं. शाळेचं नाव बाहेर जाता कामा नये."
दुसरा तास माझा. दार लावलं. मुलं-मुली एकत्र. सगळं सांगितलं – सगळ्या शब्दांसकट. दहा मिनिटं खिदळले, मग चिडीचूप. घंटा झाली तरी कुणी उठेना.

मंगळवार, २१ जुलै
सकाळी फाटकाशी तीस-चाळीस आया. मुख्याध्यापक घामाघूम, हातात माझ्या निलंबनाचं पत्र. चिमणीची आई गर्दीतून पुढे आली. मी हात जोडले. ती हळूच म्हणाली, "बाई, आमच्यासाठी तो तास कधी घेताय?"