सात सीटची गाडी

अण्णा, पितृपंधरवडा चालू आहे, म्हणून घरातली गाडीची खरेदी थांबली आहे; तिच्याबद्दलचं बोलणं मात्र एक दिवस थांबलेलं नाही. या पंधरवड्यात नवीन काही घ्यायचं नाही, हा नियम तुमच्यामुळे पाळला जातोय, तेवढीच मला उसंत. घटस्थापनेला बुकिंग आणि दसऱ्याला गाडी दारात, असं तुमच्या जावयाने ठरवून टाकलंय. कोणती, तेही ठरलंय. सात सीटची, उंच, समोरून रेड्यासारखी दिसणारी. आम्ही चौघं आणि पाचवी आई. उरलेल्या दोन सीटवर कोण बसणार असं विचारलं की तो म्हणतो, धुळ्याहून आई-बाबा आले तर? ते आले तर चार दिवस येतात आणि कुठेही चला म्हटलं तर घरीच बरं म्हणतात.

मला राग येतो तो वेगळाच. तो सातपूरला कंपनीच्या बसने जातो. गाडी चालवणार मी. सकाळी मुलांना शाळेत सोडायचं, संध्याकाळी क्लासला न्यायचं, मधल्या वेळात पंचवटीत जाऊन आईला घ्यायचं, गुडघ्याच्या डॉक्टरांकडे न्यायचं आणि परत सोडायचं. शाळा सुटायच्या वेळी गंगापूर रोडवर स्कूटी घालायला जागा नसते. सोसायटीतलं आमचं पार्किंग दोन खांबांच्या मधे, तिथे जरा तिरकं लावलं की शेजारच्या काकांचं तोंड वाकडं होतं. हे सांगून सांगून माझ्या जिभेला फोड यायची वेळ आली. पण तो मोबाइलवर कुणा माणसाचे व्हिडिओ बघतो, जो रिकाम्या घाटात एकटाच गाडी पळवत असतो, आणि त्या माणसाचं म्हणणं आमच्या घरात वेदवाक्य. शोरूममधला सेल्समन इंजिनाचं सगळं 'सरांना' सांगत होता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, मॅडम, तुमच्यासाठी यात आरसा आहे, आणि त्याला दिवापण आहे. मुलांनी छतातली उघडणारी काच पाहिली आणि तिथल्या तिथे ती बापाला फितूर झाली.

तुम्हाला हे सांगतेय, कारण मी हे आधी पाहिलंय. तुम्हाला स्कूटर घ्यायची होती तेव्हा तुम्ही प्रेसमधल्या सगळ्या दोस्तांना विचारलंत, नाशिक रोडच्या मेकॅनिकला विचारलंत, खालच्या भटजींनासुद्धा सोडलं नाहीत. मी ओट्याखाली पाटावर बसून पोळी खातेय, आई शेवटच्या पोळ्या लाटतेय, आणि तुमचे एक मित्र दारातूनच विचारतात की वहिनींचं काय मत? तुम्ही हसता आणि म्हणता, "तिला काय विचारायचं? तिला कुठे चालवायचीय?" आई तव्यावरची पोळी उलटते. पुढे कितीतरी वर्षं ती त्या स्कूटरवर एका बाजूला पाय टाकून बसली, मांडीवर मी, हातात भाजीची पिशवी, आणि पायाला नीट आधार नाही. उतरली की कंबर धरून उभी राहायची. तुम्ही स्टँडला लावून पुढे चालायला लागलेले असायचात. अण्णा, तुम्ही मला फार आवडायचात. पुढे उभी करून हॉर्न वाजवू द्यायचात, माझ्यासाठी मुद्दाम घाटावरून फिरवून आणायचात. पण त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. आता चालवायची मला आहे, तरी मला कोणी विचारत नाही. म्हणजे कारण चालवण्याचं नव्हतंच.

आज तुमची तिथी. तुम्हाला मुलगा नाही म्हणून जावईच सगळं करतो, आणि मनापासून करतो, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. आईला आणायला जायचं म्हणून त्याने त्याच्या भावाची गाडी मागून आणली, अगदी तीच, सात सीटची. चालवून तर बघ, म्हणाला. पंचवटीत या दिवसांत श्राद्धाला आलेल्यांची ही गर्दी. आईच्या गल्लीच्या तोंडाशीच गाडी अडली. एका बाजूला भाजीच्या हातगाड्या, दुसऱ्या बाजूला रिक्षा. आरसे मिटून घेतले तरी शिरेना. शेवटी आईच खिरीचा डबा घेऊन भिंतीला धरत धरत चालत आली. गाडीत चढायचं तर पाय गुडघ्याच्या वर उचलायला हवा. शोरूममध्ये तिलाही नेलं होतं, तेव्हा चार माणसं बघत होती म्हणून ती ओठ आवळून चढली होती आणि छान आहे म्हणाली होती. आज एक हात दाराला, एक माझ्या खांद्यावर, तरी जमेना. मागून हॉर्न सुरू झाले. शेजारची भाजीवाली आपलं स्टूल पुढे सरकवत म्हणाली, "लय उंच हाय वो ही. आजीला गोणीवाणी काय चढवता?" आईने उचललेला पाय खाली घेतला. "मी रिक्षाने येते, तुम्ही व्हा पुढे," म्हणाली. मी चिडले. दर वेळी असंच करणार का, असं विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "दर वेळी कशाला? आता मीच कमी येत जाईन."

जावई म्हणाला, बाहेरून पायरी बसवून घेऊ. मी आईसाठी रिक्षाला हात केला; तिथे बोलले असते तर तुमच्या श्राद्धाच्या दिवशी भर रस्त्यात भांडण झालं असतं.

दुपारी गच्चीवर पान ठेवलं, आणि कावळा शिवेना. ऊन डोक्यावर, मुलं भुकेली. जावयाने हात जोडून सांगितलं, अण्णा, आईंना आम्ही अंतर देणार नाही. कावळा नाही. मुलांच्या शिक्षणाचं सांगितलं, तरी नाही. आई म्हणाली, त्यांच्या मनात काहीतरी राहिलंय. तेव्हा मी मोठ्यांदा म्हणाले, "अण्णा, आईला सहज बसता येईल आणि तिच्या गल्लीत जाईल, अशीच गाडी घेऊ. लहान घेऊ." कावळा झपकन आला आणि वडा घेऊन उडाला. जावयाचा चेहरा बघण्यासारखा झाला. आता अण्णांचीच इच्छा म्हटल्यावर काय, असं पुटपुटला, आणि जेवण झाल्यावर स्वतःच मोबाइलवर लहान गाड्या बघत बसला.

हे पत्र घरात कोणाच्या हाती लागून चालणार नाही, लिहून झालं की फाडूनच टाकीन. कारण सगळ्यांनी डोळे मिटून हात जोडले होते तेव्हा माझे डोळे उघडे होते. कावळा टाकीवरून कठड्यावर उतरला, पानाकडे सरकू लागला, आणि मग मी तोंड उघडलं. तुमच्या मनात काय होतं देव जाणे. तुम्ही असतात तर जावयाच्याच बाजूने बोलला असतात. माझं म्हणणं मी तुमच्या नावावर खपवलं, माझ्या नावावर ते कोणी घेत नव्हतं.

आईचेही डोळे उघडेच होते. जिना उतरताना तिने माझा हात घट्ट धरला आणि हळूच म्हणाली, "दार जरा रुंद उघडेल अशी बघ."