शनिवारी घर दाखवायचे आहे

सोमवार, ४ मार्च
आमचा घरमालक, विक त्याचं नाव, घर विकतोय. अकरा वर्षं भाड्यासाठी स्वतः फोन करायचा, हे मात्र एजंटबाईकडून कळवलं. तिचं नाव टीगन. दर शनिवारी लोक घर बघायला येणार म्हणे. मामला सोपा आहे. भाड्याने द्यायला घेणारा आला तर आम्ही इथेच. स्वतः राहायला घेणारा आला तर आम्ही रस्त्यावर. म्हणजे घराच्या प्रेमात पडणाऱ्यांना पळवून लावायचं. मी टाइल्सचा धंदा शून्यातून उभा केला, अर्ध्या न्यूकॅसलच्या बाथरूम माझ्या हातच्या. माझ्यापुढे एजंट किस झाड की पत्ती.

मंगळवार, ५ मार्च
भाडेकरूंच्या हेल्पलाइनला फोन. बाई हुशार. म्हणाली, आधी लेखी कळवल्याशिवाय आत यायचं नाही, तुमच्या सामानाचे फोटो तुमच्या परवानगीशिवाय काढायचे नाहीत, आणि लोक आले म्हणून तुम्ही बाहेर जायलाच हवं असंही नाही. शेवटचं पुन्हा म्हणायला लावलं. बायकोला, लॉरेलला, सांगितलं. ती म्हणाली, घरात थांबून करणार काय? म्हटलं, बसणार. म्हणाली, ते तर तू रोजच करतोस.

गुरुवार, ७ मार्च
टीगन फोटोग्राफर घेऊन हजर. मी दारात आडवा. म्हटलं, माझ्या सोफ्याचा फोटो काढायचा नाही. ती म्हणाली, डेस, तो सोफा फोटोत येऊ नये अशी माझीही प्रार्थना आहे. पहिली फेरी जिंकली.

शनिवार, ९ मार्च
बनियन घालून हॉलमध्ये बसलो. चेहरा दगडाचा. बाथरूममधून एक बाई नवऱ्याला हळूच म्हणाली, या टाइल्सच्या फटी बघ, कशा एकसारख्या. माझे कान अजून शाबूत आहेत. उठलो आणि फक्त माहिती दिली. मग मागचा लाकडी डेक मी कसा बांधला तेही. सूर धमकीचाच होता. लॉरेल म्हणाली, अरे, तू घर विकत होतास. चूक. मी त्यांना दमवत होतो.

बुधवार, १३ मार्च
नवा बेत. धूर. शनिवारी अंगणात बार्बेक्यू पेटवून ढीगभर कांदा परतायचा. वास पडद्यांत मुरला की कोण घेतंय घर. नुसता कांदा संशयास्पद दिसेल, म्हणून सोबत सॉसेज. शेजारचा मर्व म्हणाला, लेका, शनिवारी कांद्याचा वास आला की आपल्या ऑस्ट्रेलियात लोक रांग लावतात, कुठल्या तरी क्लबसाठी वर्गणी चालू आहे असं समजून. मर्वला डावपेच कळत नाहीत.

शनिवार, १६ मार्च
धूर उत्तम झाला. रांगही. पावाच्या स्लाइसवर सॉसेज मागायला लागले. एकाने विचारलं, काका, कुठल्या क्लबसाठी? दरडावून म्हटलं, माझं घर वाचवण्यासाठी. तो हसला आणि सॉसच्या बाटलीशेजारी नाणं ठेवलं. मग मागच्यांनीही. हातात चिमटा आणि समोर भुकेला माणूस असताना हाकलायचं कसं? बियांका नावाची एक नर्स डेकवर बसून नवऱ्याला म्हणाली, आमच्या बाबांच्या अंगणात अगदी असाच वास यायचा. डोळे पाणावले होते. कांदा झोंबला. उपाय लागू पडतोय.

शनिवार, २३ मार्च
लिलाव, आमच्याच पुढच्या हिरवळीवर. भाड्याने द्यायला घेणारे दोघे आले होते, बोलीतून लवकर बाहेर पडले. बियांकाने हात खाली घेतलाच नाही. स्वतः राहायला येणार. टीगन म्हणाली, डेस, तुम्ही घरात थांबलात म्हणून एवढं जमलं. बियांकाने विचारलं, बार्बेक्यू इथेच ठेवाल का? ठणकावून सांगितलं, तो माझा आहे, माझ्याबरोबर जाणार. हक्क म्हणजे हक्क. लॉरेल खोकी आणायला गेली.

शनिवार, २० एप्रिल
भाड्याने दुसरं घर बघायला गेलो, टीगननेच दाखवलं. जुना भाडेकरू अजून आतच, बनियनवर, हाताची घडी, चेहरा दगडाचा. ओल आहे का बघायला मी स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं. आत त्याचे कप. लॉरेलने कोपर मारलं. तो तिथूनच म्हणाला, बघा बघा, तुमचंच घर आहे. कपाट हळूच लावलं. जाताना त्याच्या कानाशी वाकून म्हटलं, बाबा रे, काहीही कर, कांदा परतू नकोस.