चारशेवर अडलेला लॅपटॉप

अंथुर्णे, ता. इंदापूर
मार्गशीर्षातला बुधवार

आदरणीय जावईबापू स्वानंदराव यांस,

केशवचा नमस्कार, आणि वयाच्या हक्काने आशीर्वादही. आपली प्रकृती, वल्लरीचा खोकला आणि पुण्यातली आपली नोकरी, तिन्ही ठीक असावीत. इकडे माझा गुडघा सोडल्यास सर्व कुशल आहे. पत्र मुद्दाम कागदावर लिहितो आहे, कारण ज्याच्याविषयी तक्रार त्याच्याच पोटात ती लिहून ठेवणे मला सुरक्षित वाटत नाही.

तक्रार आपण दिवाळीत दिलेल्या लॅपटॉपची. (देणाऱ्याची नव्हे. जावयाची तक्रार करणाऱ्या घराण्यातले आम्ही नाही.) आमच्या चौथीच्या वर्गातली उरलीसुरली मंडळी दर रविवारी पडद्यावर भेटतात आणि आरंभाला मी त्या वेळच्या पुस्तकातली एक कविता पाठ म्हणतो, हे आपण जाणता. मागच्या रविवारी ओढ्याची कविता घेतली. (ती शिकवताना बाई खिडकीबाहेर पाहत आणि आम्हा साऱ्यांना उन्हाळ्यातही पाण्याचा आवाज येई.) म्हणता म्हणता पडद्यावर माझे तोंड उघडेच राहिले, आवाज मागाहून तुटत आला आणि मग सगळेच थिजले. यंत्र भानावर आले तेव्हा कन्हेरीचा रावजी सर्वांदेखत म्हणत होता, "केशवराव, मशिनीला कशाला बोल लावताय? इसरला म्हणा की." येत्या रविवारी पुन्हा अडलो तर आरंभाचा मान रावजीला द्यायचा, असे ठरले आहे. ज्याने उभ्या चौथीत एक कडवे धड म्हटले नाही त्या रावजीला.

माझी सगळी नोकरी कालव्यावर निरीक्षक म्हणून गेली. शेवटच्या शेताला पाणी पोचले नाही की वरच्या अंगाला कुणीतरी पाईप टाकलेला असतो, एवढे मी शिकलो. म्हणून पहिला संशय शेजारच्या सिद्धूवर घेतला. तो म्हणाला, "आबा, तुमचं नेट माझ्या घरात पोचतच न्हाय." पोचत नाही हे याला कसे ठाऊक? संशय वाढला, पासवर्ड बदलला, यंत्र मात्र तसेच रखडत राहिले.

मग आपण फोनवर सांगितलेली आज्ञा देऊन प्रोसेसरचा वेग पाहिला. मुभा दोन हजार चारशे मेगाहर्ट्झची, चालू होता चारशेने. आपल्याच सांगण्याप्रमाणे, किती वेग सोडायचा हे यंत्राचा गाभा, म्हणजे कर्नल, ठरवतो आणि त्याने दारावर बसवलेल्या माणसाला गव्हर्नर म्हणतात. तो गव्हर्नर काटकसरीवर लावलेला निघाला. कुणी लावला? क्षमा असावी, पण तेव्हा मला आपला संशय आला. (सासऱ्याने कविता कमी म्हणाव्यात असे कोणत्या जावयाला वाटत नाही?) त्याला मी पूर्ण वेगावर लावले. आकडा चारशेच. दार सताड उघडे आणि पाणी नाही, म्हणजे चोरी वर, खुद्द कर्नलच्या कचेरीत, अशी माझी खात्री झाली.

तेवढ्यात तुमच्या सासूबाई धूळ पुसायला आल्या आणि हात झटकून म्हणाल्या, "अवं, ह्ये तर तव्यावानी तापलंय." मी उचलून पाहिले. खाली चार पदरी नवी गोधडी. दिवाळीपासून ही का, असे विचारले तर म्हणाल्या, "जावयाची वस्तू उघड्या फळीवर ठिवत्यात व्हय? पावण्याला तरी आपण तसं बसवतो का?" हवेची भोके त्या मानपानात पार बुजली होती. यंत्र तापत होते आणि जळू नये म्हणून कर्नल त्याला आवरत होता. या घरात एकटा तोच संशय न घेता आपले काम करत होता. फळीवर ठेवले आणि थोड्या वेळात आकडा चढत चढत दोन हजारांपुढे गेला.

तेव्हा अडले ते यंत्रच होते, केशव नव्हे. हे आता सिद्ध आहे आणि रविवारी रावजीला ते दिसेल. वल्लरीस आशीर्वाद.

आपला,
केशव

ता. क. आज पत्र बंद करण्यापूर्वी यंत्रासमोर एकदा कविता म्हणून पाहिली. चित्र आणि आवाज हातात हात घालून धावत होते. तिसऱ्या कडव्याला मी अडलो. आतून तुमच्या सासूबाईंनी विचारले, "आता कोन थांबलं?"

ता. क. दुसरा. यंत्र पुन्हा चारशेवर आणण्याची आज्ञा रविवारच्या आत कळवावी. गोधडीवर यंत्र केव्हा तापेल याचा भरवसा नाही. वल्लरीला हे पत्र दाखवू नये. आणि सोय असेल तर वेग फक्त तिसऱ्या कडव्यापुरता उतरावा, पहिली दोन मला येतात.