शिंकणारं भूत

३ मार्च
उशीर झाला, वही. राग धरू नकोस. ही गेल्याला आज एकवीस दिवस झाले, लिहायला हातच उठला नाही. गॅस बंद केला की नाही हे बघायला चारदा उठलो, तेव्हा कपाटावर तिची कादंबरी दिसली. ग्रंथालयाची. परत करायची तारीख उलटलीय – तिथल्या बाई काय म्हणतील!

४ मार्च
गोष्ट मोठी मजेची. एका घड्याळजीचा खून होतो आणि त्याचं भूत हवालदाराच्या मानगुटीवर बसतं. खून कोणी केला ते भुतालाच आठवत नाही. पण समोरचा खोटं बोलला की त्याला शिंक येते. ही वाचायची, मी ऐकायचो. माझी शाळा चौथीपर्यंत. शिंक ती अशी काढायची की शेजारीण विचारायची, सर्दी झाली का.

आमची पद्धत ठरलेली. शेवटच्या प्रकरणाआधी दोघांनी खुनी कोण ते चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठ्या मागच्या पुठ्ठ्यात खोचायच्या. हरेल त्याने आठवडाभर भांडी घासायची. चाळीस वर्षं तीच हरली. "तुमचं डोकं पोलिसाचं हो," म्हणायची आणि बाह्या सरसावायची.

याही वेळी चिठ्ठ्या खोचल्या. दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं.

७ मार्च
शेवटचं प्रकरण तेवढं राहिलंय. लेक फोनवर वाचून दाखवते म्हणाली. नको म्हटलं. बोट ठेवून वाचतोय. छापील जोडाक्षर आलं की अडतो. दिवसाला दोन पानं.

९ मार्च
भूत अंधाराला घाबरलं. मोठ्याने हसलो. मग सवयीने शेजारी बघितलं.

१४ मार्च
संपलं. पोस्टमन! मी भागीदार लिहिला होता. तिची चिठ्ठी उघडली – पोस्टमन. पहिल्यांदा हरलो, आणि चिडवायला कोणी नाही. भांडी घासली. एक ताट, एक वाटी.

१५ मार्च
पुस्तक परत केलं. ग्रंथालयातल्या बाईंना सांगितलं, शेवटी ही जिंकली. त्यांनी पुस्तकावर शिक्का मारला. मग म्हणाल्या, "काका, काकू प्रत्येक पुस्तकाचा शेवट इथेच उभ्या उभ्या वाचायच्या. मगच घरी न्यायच्या."

चाळीस वर्षं मुद्दाम हरलीस. आणि एकदाही मला शिंक आली नाही?

या वेळी भांडी मलाच घासायची आहेत, हे ठाऊक होतं तुला?

असशील तिथून नुसती एक शिंक धाड. लवकर. रेडिओ बंद करून बसलोय.