माणूस या शब्दात कोण कोण येते

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षे झाली की आता तुमच्याशी भांडायला कोणाची हरकत नसावी. भांडण एका शब्दावरून आहे, आणि तो शब्द तुम्हीच मला दिलात. भडगावच्या शाळेत, सातवीच्या वर्गात, 'माझे घर' या निबंधात मी लिहिले होते, 'आमच्याकडे आधी माणसे जेवतात, मग बाया.' तुम्ही मला उभे केलेत. "बाया माणसं नाहीत का गं? मग कोण आहेत, शेळ्या?" वर्ग खिदळला. तुम्ही वळलात आणि फळ्यावर लिहिलेत : माणूस या शब्दात स्त्रीही येते. ते वाक्य आम्हा मुलींकडून मोठ्याने म्हणवून घेतलेत, आणि आवाज बारीक आला म्हणून पुन्हा म्हणवलेत. अपमान मला झोंबला. पण तोवर कोणी मला एवढी मोठी भेट दिली नव्हती, हेही खरे.

पुढे स्कॉलरशिपच्या तयारीसाठी मी रविवारी तुमच्या घरी येऊ लागले. तुमच्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून मी वाक्यपृथक्करण करते आहे, तुम्ही कळण्याच्या भाकरी थापता आहात, बाहेर पाट मांडल्याचा आवाज येतो. मी विचारते, "बाई, तुम्ही कधी जेवणार?" तव्यावरची नजर न काढता तुम्ही म्हणता, "माणसांचं होऊ दे आधी." मी वहीत मान घातली आणि मनातल्या मनात तुमचे गुण कापले. वर्गात आम्हाला रडवणाऱ्या बाईंनी घरी तीच चूक करावी, हे मला खपले नाही. तुम्ही त्या वेळी चुकला नव्हतात. उंबऱ्याच्या आत त्या शब्दाचा तोच अर्थ होता.

मी आता जळगावला लोकसंख्याशास्त्र शिकवते. साथ ओसरल्यावर जिल्ह्यात कोण गेले याची पाहणी करायला एक समिती नेमली गेली आणि मला तिच्यात घेतले. ऑक्सिजनची सोय असलेले नवे कक्ष कोठे उभारायचे आणि त्यांत बायकांसाठी किती खाटा ठेवायच्या, हे आमच्या अहवालावरून ठरणार आहे. मुख्य प्रश्न मीच रचला : 'गावातील किती माणसे दगावली?' सुटसुटीत, निर्दोष. तुम्ही त्यात काही काढू शकला नसतात. उत्तरे आली तेव्हा बायका फारच थोड्या गेलेल्या दिसल्या, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर तर जवळजवळ कोणीच नाही. समितीचे अध्यक्ष निवृत्त डॉक्टर आहेत. ते खूश झाले. "बायका मुळातच चिवट, मॅडम. आणि आदिवासींना जंगलाची हवा. मरायचं ते आपण, गोळ्यांवर जगणाऱ्यांनी." सगळे हसले.

मला ते पटेना, म्हणून गिरणाकाठच्या एका गावात मी स्वतः गेले. ओट्यावर बसलेल्या वयस्क शेतकऱ्याला मी माझा प्रश्न शब्दशः विचारला. तो म्हणाला, "आमना घरमा मानूस एकबी नही गया, बाई. बठ्ठा बरा शेतस." दारात त्याची मुलगी उभी होती. ती हळूच म्हणाली, "आबा, माय गई ना."

तो तिच्यावर खेकसला नाही. लहान पोराला समजवावे तसे म्हणाला, "अवं, ती बाई व्हती. या मॅडम मानसं इचारी ऱ्हायन्यात."

"तुमले जयगावना दवाखानामा लई गयात," मुलगी माझ्याकडे न बघता बापाला म्हणाली, "मायले घर काढा दिधा."

"गाडीमा एकच जागा व्हती. तीच बोलनी, तुम्ही जा." त्याचे डोळे भरले होते. बायको गेल्याचे दुःख त्याने लपवले नव्हते. मी विचारले नव्हते, एवढेच. माझ्या प्रश्नाला त्याने अचूक उत्तर दिले होते.

रावेरच्या बाजूला तेच घडले, दुसऱ्या शब्दावरून. पाड्यांचा आकडा कसा आला, असे विचारताच तिथला सरपंच उलट मलाच म्हणाला, "मॅडम, तुमच्या माणसांनी गाव विचारलं. पाडा गावात कुठं येतो?" पाड्यावर धाप लागून गेलेली बाई माझ्या एका शुद्ध वाक्यातून दोनदा बाहेर पडली होती.

मी परत येऊन बैठकीत सांगितले की पाहणी नव्याने करावी लागेल. अध्यक्षांनी चष्मा पुसला. "शब्दांचा कीस काढू नका. माणूस म्हणजे माणूस, त्यात बाई आलीच. हे काय तुम्हाला शिकवायला हवं?" म्हणजे बाई, तुमचे वाक्य आता त्यांच्या तोंडी आहे, आणि त्याच्या जोरावर अहवालात लिहिले जाईल की स्त्रिया आणि आदिवासी यांच्यात मृत्यू अत्यल्प. कक्ष शहरात उभे राहतील, बहुतेक खाटा पुरुषांच्या. पुढची साथ आली की ओट्यामागच्या त्या मुलीलाही काढाच मिळेल.

म्हणून मी तुमच्यावर चिडले आहे. तुम्ही तेव्हाच सांगायला हवे होते की फळ्यावर लिहिले ती एक मागणी आहे. आम्ही ती वस्तुस्थिती समजून पाठ केली आणि मी तर तिच्यावर पदव्या घेतल्या. स्वयंपाकघरात तुम्हाला फरक ठाऊक होता. मला का सांगितला नाहीत?

हे वाचून तुम्हाला वाटेल की बैठकीतही मी असेच खडसावले असेल. हे पत्र कोठेच जायचे नाही, म्हणून ते इतके ठाम उतरले. तिथे अध्यक्षांनी अहवाल पुढे सरकवला तेव्हा मी "बघू" म्हणाले आणि पर्स उचलली. सही मी अजून केलेली नाही. करणार नाही, असेही अजून कोणाला सांगितलेले नाही.