आईची चाळिशी

नाना, मागच्या आठवड्यात आईला देवपुरातल्या चष्म्याच्या दुकानात नेलं होतं. तुम्ही गेल्यापासून ती माझ्याकडेच असते. लांबच्या पाटीवरची अक्षरं तिने धडाधड वाचली. मग हातात छापील कार्ड दिलं, तर ते हातभर लांब धरूनही तिला एक अक्षर लागेना. तपासणारी मुलगी सहज म्हणाली, “चाळिशीच आहे आजी, फार आधीच लागली असेल.” माझ्या डोक्यात तिडीक गेली.

कारण हे तुम्हाला ठाऊक होतं. शिंदखेड्याच्या शाळेत तुम्हीच आम्हाला विज्ञान शिकवायचात. फळ्यावर रंगीत खडूने डोळा काढून सांगायचात, जवळचं पाहताना आतलं भिंग फुगतं, लांबचं पाहताना चपटं होतं, आणि वय झालं की ते ताठर होऊन फुगेनासं होतं. मी अभिमानाने ऐकायचे. आणि घरी? हेडमास्तर जेवायला आलेत, तुमच्या दाताखाली वरणातला खडा येतो. तुम्ही खिशातून स्वतःची चाळिशी काढून नाकावर चढवता, खडा नीट निरखता आणि पाहुण्यांदेखत आईवर ओरडता, “दूरनी एस्टी वळखस, नि सूपमाधला खडा दिखस नही तुले? वेंधयी कुठली!” आई पुटपुटली, “जवय लयं का धुकट दिखस.” जवळ आणलं की धुकट दिसतं, एवढंच तिचं म्हणणं. तुम्ही हसलात. हेडमास्तरही हसले. चाळिशी लागायची ती नोकरीवाल्या पुरुषांना. डाळ निवडणाऱ्या बाईलाही डोळे असतात, हे तुमच्या विज्ञानात बसतच नव्हतं. पुढे आईने गोधड्या शिवणं सोडलं. सुई ओवता येत नाही म्हणायची सोय नव्हती, म्हणून कंटाळा आला म्हणायची. इतकी वर्षं ती स्वतःला वेंधळी समजत राहिली, नाना. मला तुमचा संताप येतो, आणि तुम्ही नाहीत म्हणून तो तसूभरही कमी होत नाही.

नवा चष्मा लावून आईने दुकानातच स्वतःचे तळहात कितीतरी वेळ पाहिले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “म्हंजे मी वेंधयी नव्हतू, बाई.”

हे लिहिलेलं आता ती वाचू शकेल. तिला दाखवावं असं फार वाटतं. पण दाखवणार नाही. ती लगेच तुमची बाजू घेईल, म्हणेल, “त्यास्ले कोठे माहीत व्हतं?” आणि तुम्हाला माहीत होतं, हे तिला सांगायचा धीर मला होत नाही.